पगार देणाऱ्यालाच खरे सांगण्याची नोकरी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ३१ वर्षांचा असून पुण्यात राहतो. काही वर्षे व्यावसायिक टेनिस खेळलो, एकेरीत पहिल्या पाचशेच्या थोडा बाहेरपर्यंत पोहोचलो आणि उजव्या खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेल्या वर्षी खेळणे थांबवले. आता माझ्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका १६ वर्षांच्या मुलीचे आईवडील तिच्याबरोबर पूर्णवेळ फिरणारा कोच म्हणून मला बोलावत आहेत आणि तिच्यात मला माझे राहिलेले पूर्ण करण्याची संधी दिसते. दुसरीकडे बाणेरजवळ दोन कोर्ट भाडेकरारावर मिळत आहेत आणि तिथे स्वतःच्या नावाची अकादमी काढ, असे मित्र सांगत आहेत. वडिलांचे मत असे की आता तरी सरळ नोकरी धरावी. पत्नी नोकरी करते आणि आमची मुलगी दोन वर्षांची आहे. माझा खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. जो स्वतः कधी पहिल्या तीनशेतही गेला नाही, त्याचे कोणी का ऐकावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मनात पक्के झाल्याशिवाय बाकीचे निर्णय तुम्ही भीतीपोटी घ्याल आणि भीतीपोटी माणूस बहुधा मोठा फलक लावतो किंवा मिळेल त्या अटी मान्य करतो. इटलीच्या यानिक सिनरने जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात मेदवेदेवविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही विजय मिळवला आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला. त्या वेळी त्याच्यामागे दोन कोच होते. त्यांपैकी डॅरेन काहिल हे १९८८ च्या अमेरिकन ओपनमध्ये बोरिस बेकरला हरवून उपांत्य फेरीपर्यंत गेलेले आणि एकेरीत २२ व्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले खेळाडू होते, तर सिमोने वान्योत्सी हे एकेरीत पहिल्या शंभरात कधीच आले नव्हते. सिनरच्या रोजच्या तांत्रिक कामाचा मोठा भार या दुसऱ्या माणसावर होता. खेळाडूला त्याची सर्व्हिस सुधारून हवी असते. ती सुधारली की कोचचा जुना क्रमांक विचारायचे त्याला सुचत नाही आणि ती सुधारली नाही तर कोचचे जुने विजयही फार दिवस पुरत नाहीत. तुमची रँकिंग तुम्हाला पहिल्या भेटीपुरती ओळख मिळवून देईल आणि पुण्यात तेवढी ओळख पुरेशी आहे.

एवढे म्हणून तुमची शंका मिटणार असेल तर चांगलेच आहे, पण या पेशात माणसाचा कस दुसऱ्याच ठिकाणी लागतो आणि त्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. क्रिकेटमध्ये किंवा फुटबॉलमध्ये कोचला मंडळ अथवा क्लब नेमतो आणि खेळाडूला संघाबाहेर ठेवण्याच्या निर्णयात कोचचा शब्द असतो. टेनिसमध्ये हे नाते उलटे असते. इथे खेळाडू कोचला नेमतो, त्याचे मानधन देतो आणि नको वाटेल त्या दिवशी त्याला निरोप देतो. खेळाडू अल्पवयीन असेल तर हे सगळे अधिकार आईवडिलांच्या हातात असतात. म्हणजे ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्यालाच त्याच्या खेळातली आणि वागण्यातली खोट दाखवायची, असे हे काम आहे. कोच म्हणून तुम्ही किती टिकाल हे तुमच्या बॅकहँडच्या ज्ञानापेक्षा या एका गोष्टीवर अधिक ठरेल, असे माझे ठाम मत आहे आणि पुढचा सगळा सल्ला त्यातूनच निघालेला आहे.

काहिल यांचीच कारकीर्द याच नजरेने पाहा. ते ॲडलेडचे. वडील जॉन काहिल हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले नामांकित प्रशिक्षक, त्यामुळे खेळाडूंना सांभाळण्याचे काम त्यांनी घरातच पाहिले होते. गुडघ्याच्या दुखापतींनी आणि शस्त्रक्रियांनी त्यांचा खेळ लवकर संपवला. मग त्यांनी आपल्याच शहरातल्या लेटन ह्युइट नावाच्या मुलाला त्याच्या कुमार वयापासून घडवले. सप्टेंबर २००१ मध्ये ह्युइटने अमेरिकन ओपन जिंकली, नोव्हेंबरमध्ये तो विसाव्या वर्षी जगात पहिला आला आणि डिसेंबरमध्ये दोघांची साथ सुटली. इतक्या वर्षांच्या कामाचे सर्वोच्च फळ हाती आले आणि पुढच्याच महिन्यात ते काम हातून गेले. त्यानंतर ते आंद्रे अगासीबरोबर राहिले. अगासीने २००३ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी, ३३ व्या वर्षी, तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. विशीतल्या चिवट मुलाला शिखरावर नेणे आणि तिशी ओलांडलेल्या, सगळे पाहून झालेल्या माणसाला तिथे परत नेणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत आणि त्या दोन्हींसाठी एकच ठरावीक पद्धत वापरता येत नाही.

मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मात्र विजयाचा वाटत नाही. मार्च २०१७ मध्ये मायामीच्या स्पर्धेत, तेव्हा काहिल यांच्या हाताखाली खेळणारी रोमानियाची सिमोना हालेप योहाना कोंटाविरुद्ध पहिला सेट जिंकून पुढे होती आणि तरीही हरली. त्या काळी महिलांच्या स्पर्धांत कोचला सामन्यादरम्यान कोर्टवर बोलावता येत असे, त्यामुळे तिची स्वतःवरची चिडचिड आणि मध्येच लढणे सोडून देण्याची सवय काहिल यांनी अगदी जवळून पाहिली. त्या पराभवानंतर त्यांनी तिच्याबरोबरचे काम थांबवले. तंत्रात नव्हे, वृत्तीत बदल हवा आणि तो होणार नसेल तर माझा उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. हालेपने ते मनावर घेतले, काही आठवड्यांत तिच्या वागण्यात फरक दिसला आणि ते परतले. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात एक सेट आणि ३-० अशी आघाडी घेऊनही ती हरली, पण ऑक्टोबरमध्ये ती जगात पहिली आली आणि २०१८ मध्ये तिने पॅरिसला आपले पहिले ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकले. आता यात तुमच्या कामाचे काय, तर काहिल त्या वेळी ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर टेनिसचे विश्लेषणही करत असत. त्यांचे घर एका खेळाडूच्या मानधनावर चालत नव्हते. त्यांच्या धैर्याचे मोल मी कमी करत नाही, पण ज्याचा घराचा हप्ता त्या एका मानधनातून जातो, त्याला असे उठून जाता आले असते का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला आजच विचारावा.

म्हणून त्या कुटुंबाचा प्रस्ताव आहे त्या स्वरूपात स्वीकारू नका, असे मी सुचवेन. पूर्णवेळ फिरता कोच झालात तर तुमचे संपूर्ण उत्पन्न एका घरातून येईल. सहा महिन्यांनी तिचे वडील म्हणतील की या महिन्यात तिला लागोपाठ चार स्पर्धा खेळू द्या, तुम्हाला तिचे मनगट दुखताना दिसत असेल आणि तुमच्या मुलीच्या पाळणाघराची फी त्याच आठवड्यात भरायची असेल. त्या दिवशी तुम्ही काय बोलाल याची मला काळजी वाटते आणि ती तुमच्या प्रामाणिकपणाविषयीच्या शंकेतून येत नाही. चांगली माणसेही अशा वेळी गप्प बसतात.

शिवाय पूर्णवेळ प्रवासाची तिला गरजही नाही. अठरा वर्षांखालील मुलींनी वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळाव्यात यावर वयानुसार मर्यादा आहेत आणि त्या विचारपूर्वक घातलेल्या आहेत. सोळाव्या वर्षी तिला शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय आहे, शरीर घडायचे आहे आणि सर्व्हिसची बैठक बदलायची असेल तर त्यासाठी स्पर्धांपासून दूर असे सलग आठवडे हवे आहेत. एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या छोट्या व्यावसायिक स्पर्धेतली ती रक्कम सगळ्या खेळाडूंत वाटली गेल्यावर हातात काय उरते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यातून कोचचा विमानखर्चही निघत नाही. तो भार आईवडीलच उचलणार आणि जितका भार मोठा तितकी निकालाची घाई मोठी.

तुम्ही त्यांना उलट प्रस्ताव द्या. वर्षातले दहा-बारा आठवडे तुम्ही तिच्याबरोबर स्पर्धांना जाल आणि उरलेल्या काळात पुण्यात आठवड्यातले ठरलेले तास तिच्यासाठी राखून ठेवाल. मानधन दरमहा ठरलेले असावे आणि ते निकालांना बांधलेले नसावे. बक्षिसाच्या रकमेतला वाटा घ्यायचाच असेल तर तो अल्प असू द्या. प्रवास आणि मुक्कामाचा खर्च आधी मिळावा, कारण नंतर बिले मागत बसणे तुम्हालाही जड जाईल आणि त्यांनाही. कोणत्या स्पर्धा खेळायच्या याचा निर्णय कोणी घ्यायचा, दुखापत झाली तर फिजिओचा शब्द अंतिम मानायचा की नाही आणि करार मोडायचा असेल तर किती महिन्यांची सूचना द्यायची, हे सगळे लेखी करा. पुण्याच्या टेनिस वर्तुळात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे कागद मागायला संकोच वाटतो, पण ओळख असते तिथेच कागदाची गरज अधिक असते. एक कलम माझ्या आग्रहाने घाला. हरलेल्या सामन्यानंतर त्या संध्याकाळी खेळाविषयी कोणीही बोलणार नाही, ना तुम्ही, ना आईवडील. परतीच्या गाडीत केलेल्या चिकित्सेने मुलांचे फार नुकसान होते.

ती अल्पवयीन मुलगी आहे, म्हणून आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहितो. प्रत्येक दौऱ्यावर आई, वडील किंवा कुटुंबाने नेमलेली दुसरी प्रौढ व्यक्ती तिच्याबरोबर असलीच पाहिजे. तुमची खोली वेगळी, शक्य तर मजलाही वेगळा असावा. सगळे निरोप पालक असलेल्या गटातच जावेत. खांदा किंवा पाठ दाबून देण्याचे काम तुम्ही करू नका, ते फिजिओचे आहे आणि तेही पालकासमोर. याने तिचे संरक्षण होते आणि तुमचेही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे आणि असा गुन्हा घडल्याचे कळूनही गप्प बसणे हा त्या कायद्याने अपराध ठरतो. म्हणून इतर कोणाकडून काही घडताना दिसले तरी ते कळवणे तुमचे कर्तव्य आहे. टेनिसवर पैज लावण्याची बंदी खेळाडू म्हणून तुम्हाला होती, ती कोच म्हणूनही कायम राहते, हेही ध्यानात ठेवा.

आता अकादमीविषयी. भाडेकरार करू नका, निदान या दोन वर्षांत तरी नको. दोन कोर्टांचे भाडे जूनपासून सप्टेंबरपर्यंतही द्यावे लागते आणि उघड्या कोर्टावर त्या महिन्यांत पुण्यात किती दिवस खेळ होतो हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. चेंडू, दिवे, जाळी, कोर्टाची डागडुजी आणि मदतनिसांचे पगार हे खर्च पावसात थांबत नाहीत, फी मात्र थांबते. तरीही माझा मुख्य आक्षेप पैशांचा नाही. स्वतःच्या नावाची अकादमी काढली की तुम्ही पहिल्या दिवसापासून मालक होता, बॅच भरण्याच्या मागे लागता आणि शिकवायला शिकण्याची वर्षे हातातून जातात. शिवाय चाळीस पालक म्हणजे चाळीस पगार देणारे. त्यांच्यापैकी कोणालाही, तुमच्या मुलाला स्पर्धेची घाई करू नका, असे सांगताना फी जाण्याची भीती वाटेल. अडचण तीच आहे, फक्त ती चाळीस ठिकाणी विभागलेली आहे.

चांगल्या खेळाडूला शिकवता येतेच असे नाही, कारण जे तुमच्या हाताला आपोआप येते ते कसे येते हे तुम्ही बराच काळ विसरलेले असता. आठ वर्षांच्या मुलाला फोरहँड शिकवताना याचा प्रत्यय येतो. लहान मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू वापरले जातात. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचे कोर्टही ११ मीटर लांबीचे असते, म्हणजे पूर्ण कोर्टाच्या निम्म्याहून कमी. त्या लहानशा कोर्टवर, त्या संथ चेंडूने, मुलाच्या कमरेच्या उंचीला येईल असे फीडिंग करणे, म्हणजे त्याच्याकडे चेंडू टाकत राहणे, आणि त्याच वेळी त्याचे पाय, पकड व नजर पाहणे हे स्पर्धा खेळलेल्या माणसाला सुरुवातीला अतिशय अवघड जाते. तुम्ही हे टाळून थेट सोळा वर्षांच्या मुलीकडे गेलात, तर तिच्या सर्व्हिसमधली जी चूक नवव्या वर्षी रुजली ती तुम्हाला दिसेल, पण तिचे मूळ कळणार नाही.

म्हणून तुमच्या उरलेल्या वेळासाठी माझे सुचवणे असे की एखाद्या जाणत्या कोचच्या हाताखाली पगारी सहायक म्हणून रुजू व्हा. पुण्याइतकी सोय यासाठी देशात थोड्याच शहरांत आहे. डेव्हिस कप या देशांच्या सांघिक स्पर्धेत भारताकडून खेळून पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले नंदन बाळ इथलेच आणि अहमदाबादची टेनिसपटू अंकिता रैना घडली ती कोच हेमंत बेंद्रे यांच्याकडे पुण्यातच. अशा परंपरेत काम करणाऱ्या माणसांजवळ उभे राहून पाहायला मिळणे हे मोठे शिक्षण आहे. सकाळची लहान मुलांची बॅच मागून घ्या. ती सहसा कोणाला नको असते, म्हणून लगेच मिळेल. जोडीला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा लेव्हल १ अभ्यासक्रम करा. तो नवशिक्या आणि मध्यम खेळाडूंना शिकवण्यासाठीचा आहे. लेव्हल २ प्रगत खेळाडूंसाठी आणि लेव्हल ३ उच्च कामगिरीच्या खेळाडूंसाठी आहे. माजी व्यावसायिक म्हणून पहिली पायरी गाळण्याची सवलत कोणी देऊ केली तरी ती घेऊ नका, तुम्हाला त्याच पायरीची गरज आहे.

खांद्याविषयीही सांगतो. बास्केटमधून खालच्या हाताने फीडिंग करण्यात खांद्यावर फार ताण येत नाही, पण रोज तासभर सर्व्हिस करून देणारा हिटिंग पार्टनर होण्याच्या मोहात पडू नका. पालकांना तुम्ही घाम गाळताना दिसलात की समाधान वाटते, पण खेळत असताना तुम्हाला समोरच्याचे पाय दिसत नाहीत. सरावासाठी क्लबचा एखादा चांगला मार्कर (सरावाला समोर खेळणारा क्लबचा माणूस) किंवा कुमार गटातला मुलगा समोर उभा करा आणि तुम्ही बाजूला थांबून पाहा. २०२५ पासून नियमाने कोचला सामना चालू असताना बाहेरून सूचना देता येतात, त्यामुळे सतत बोलत राहण्याची सवयही लवकर लागते. ती लागू देऊ नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेले आहे, पण मला तिथे थबकावे लागले. त्या मुलीत तुम्हाला ‘माझे राहिलेले पूर्ण करण्याची’ संधी दिसते, असे तुम्ही लिहिले आहे. खेळ अर्ध्यावर सुटल्याचे दुःख किती खोल असते याची मला कल्पना आहे आणि ते तुम्ही कोणापासूनही लपवू नये. पत्नीशी बोला, तुमच्याबरोबर खेळलेल्या मित्रांशी बोला, जरूर वाटली तर क्रीडा मानसतज्ज्ञाकडे जा. मात्र ते दुःख त्या मुलीच्या रॅकेटवर ठेवू नका. स्वीडनचे मॅग्नस नॉर्मन २००० मध्ये फ्रेंच ओपनचा अंतिम सामना खेळले, जगात दुसरे होते आणि दुखापतींमुळे तिशी गाठण्याआधीच थांबले. पुढे त्यांच्या हाताखाली रॉबिन सॉडरलिंगने २००९ मध्ये पॅरिसला नदालला तिथला पहिला पराभव दाखवला, तर स्टॅन वॉवरिंका २८ व्या वर्षी आपले पहिले ग्रँड स्लॅम जिंकला आणि नंतर आणखी दोन. त्या दोघांचा खेळ नॉर्मन यांच्या खेळासारखा नव्हता. सॉडरलिंगचा सपाट, जोरकस फोरहँड आणि वॉवरिंकाचा एकहाती बॅकहँड हे त्यांचे स्वतःचे होते आणि नॉर्मन यांनी त्यांना त्यांच्याच फटक्यांवर उभे केले. माझ्या दृष्टीने त्यांचे हेच सर्वांत मोठे काम आहे.

वडिलांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे समजू नका. त्यांना स्थिरता हवी आहे आणि सहायकाचा पगार, मर्यादित फिरतीचे मानधन व पत्नीची नोकरी मिळून ती बऱ्याच अंशी साधेल. हे आकडे कागदावर मांडून त्यांना दाखवा. घरातल्या लहान मुलीचाही विचार त्यात येतो. काहिल यांनीही २०१९ चे वर्ष कुटुंबासाठी राखले होते. त्याच वर्षी हालेप दुसऱ्या कोचबरोबर विंबल्डन जिंकली आणि पुढच्या वर्षी काहिल तिच्याकडे परतले.

आता त्या कुटुंबाला उत्तर देण्याआधी करायचे एक काम. तुमच्या संपूर्ण पत्रात आईवडील काय म्हणतात ते आहे, मित्र काय म्हणतात ते आहे, तुमचे वडील काय म्हणतात तेही आहे. त्या मुलीला काय हवे आहे याविषयी एकही वाक्य नाही. आधी काही दिवस तिचा सराव आणि एखादी स्थानिक स्पर्धा काहीही न बोलता पाहा. मग तिच्या आईच्या उपस्थितीत, पण प्रश्न तिलाच विचारून, तिच्याशी बोला. तिला तिच्याबरोबर फिरणारा कोच हवा आहे का, सध्याच्या कोचबद्दल तिला काय वाटते, कोणता फटका तिला सामन्यात नकोसा होतो आणि बारावीनंतर ती स्वतःला कुठे पाहते, हे विचारा. तिची उत्तरे आईकडून आली, तर करार पुढे ढकला. ती स्वतः बोलू लागली, तर वर लिहिलेल्या अटींसह पहिल्या तीन महिन्यांचा करार तिच्या आईवडिलांपुढे ठेवा.